फिटिंग शॉपमधला एक दिवस

सकाळी 8.45
फिटिंग शॉपचं कुलूप निदेशक स्वतः उघडतात. किल्ली त्यांच्याच खिशात असते. आत ओळीनं लाकडी टेबलं, टेबलाला घट्ट बसवलेले लोखंडी व्हाइस, भिंतीला कपाट. हे पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन, गणेशखिंड रस्त्यावरचं. दहावी झालेल्या पोरापोरींना पहिल्या वर्षी इथं हाताला काम लावतात, मग शाखा कुठलीही असो.

ते आधी फळ्यावर जॉबचं, म्हणजे घडवायच्या तुकड्याचं, चित्र काढतात. 50 बाय 50, जाडी 6 मिलिमीटर. मदतनीस पट्टीचे कापलेले तुकडे मोजतो. बॅच वीस जणांची, तुकडे बावीस. दोन जादा ठेवावेच लागतात. "जास्त घासलं गेलं की परत चिकटवता येत नाही," सर म्हणतात. एक तुकडा सव्वाशे ग्रॅमचा. पोलादाच्या आजच्या भावानं आठ-नऊ रुपयांचा माल.

9.15
पोरं येतात. काही वसतिगृहातली, काही दौंडच्या गाडीनं पहाटे निघालेली. दारातच सर पाय बघतात. चप्पल असेल तर आत प्रवेश नाही. मुलींच्या वेण्या अ‍ॅप्रनच्या आत. नवा अ‍ॅप्रन तीनशेच्या घरात जातो. एका मुलाच्या खिशावर दुसऱ्याच कुणाचं नाव शिवलंय. वरच्या वर्गातल्या पोरानं दिलेला आहे तो. धुऊन, इस्त्री करून आणलाय.

हत्यारं रजिस्टरवर सही करून मिळतात. एक रफ कानस, एक स्मूथ कानस, हॅक्सॉ, गुण्या, स्टीलची पट्टी, स्क्राइबर. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

9.40
"आधी उभं राहायला शिका," सर सांगतात. डावा पाय पुढं, उजवा मागं. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. एक मुलगी बुटकी आहे. तिच्या पायाखाली मदतनीस फळी सरकवतो, न सांगता. त्या फळीचा मधला भाग घासून गुळगुळीत झालाय. म्हणजे ती बऱ्याच जणींच्या पायाखाली आलेली आहे.

पुढं जाताना दाब, मागं येताना सैल. कानस फक्त पुढं जाताना कापते. हे ऐकायला सोपं आहे. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या कानशी झोके खातात आणि तुकडा मधे फुगतो, कडांना उतरतो. वीस कानशींचा आवाज पत्र्याखाली इतका होतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. सर मात्र आवाजावरून ओळखतात. चौथ्या टेबलापाशी जातात, मुलाच्या हातावर हात ठेवतात, दोन-चार फटके त्याच्याबरोबर मारतात आणि काही न बोलता पुढं जातात. त्या मुलाचा आवाज बदलतो. मी बाजूला उभा असतो म्हणून मलाही तो ऐकू येतो.

एकानं कीस फुंकला. "तोंडानं नाही! ब्रश घे. डोळ्यात गेला तर ससून हॉस्पिटलला न्यावं लागेल."

10.30
हॅक्सॉचं पहिलं ब्लेड तुटलं. ब्लेड वीस रुपयांच्या आत येतं, पण रजिस्टरमध्ये नोंद होतेच. तुटलेले दोन्ही तुकडे परत करायचे, तेव्हा नवं मिळतं. पोरगा घाबरलाय. सर विचारतात, "तिरकं झालं होतं ना? मग जोरानं सरळ करायला गेलास." तो मान हलवतो. "तिरकं झालं की थांबायचं. दुसऱ्या बाजूनं नवा काप घ्यायचा."

11.10
आता आखणी. मदतनीस काचेच्या बाटलीत मोरचूद घेऊन येतो. निळं पाणी. घासून चकाकलेल्या पृष्ठभागावर ते बोळ्यानं फिरवलं की लोखंड बघता बघता तांबूस होतं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, कागदाहून पातळ थर. त्यावर स्क्राइबर ओढला की खालची पांढरी रेघ उठून दिसते. बोटाचं तेल जिथं लागलंय तिथं मात्र थर बसत नाही. त्या बुटक्या मुलीच्या तुकड्यावर अंगठ्याचा ठसा तसाच पांढरा राहिलाय. ती पुसते, परत घासते, परत मोरचूद लावते. दुसऱ्या वेळी सगळा तुकडा एकसारखा लाल होतो. ती तो शेजारणीला दाखवते. अकरावी-बारावीच्या बाकावर बसून हे कळलं नसतं, असं मला फार वाटतं.

12.30
डबा. सर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपात होते. बारा तासांची पाळी, महिना नऊशे रुपये, ओव्हरटाइम शेठच्या मर्जीवर. "तिथं मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकलो. एक बोट थोडक्यात वाचलं." भाकरी मोडताना ते बोट दिसतं. नख वाकडं आहे.

तंत्रनिकेतनाच्या या भागाची गंमत अशी, की तांत्रिक शिक्षणाच्या तीन पायऱ्या एकमेकींपासून फार लांब नाहीत. संगमापाशी पूर्वीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, 2022 पासून विद्यापीठ. ते 1854 साली सुरू झालं तेव्हा नाव होतं पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. सरकारला रस्ते, कालवे, पूल बांधायला हाताखालची माणसं हवी होती. पुढं ते पदवीचं कॉलेज झालं. मधली जागा मोकळी राहिली, म्हणजे इंजिनिअर आणि कामगार यांच्या मधली. ड्रॉइंग वाचणारा, पण मशीनलाही हात लावणारा माणूस. 1957 साली हे तंत्रनिकेतन निघालं ते त्या जागेसाठी. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. खडकीत किर्लोस्करांची ऑइल इंजिनं तयार होत होती, पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. 1962 साली एमआयडीसी आली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीची शेतं शेडखाली गेली. त्या शेडमधले सुपरवायझर इथून गेले. 1994 पासून हे तंत्रनिकेतन स्वायत्त आहे. अभ्यासक्रम स्वतःचा, परीक्षा स्वतःची. तिसरी पायरी औंधला, आयटीआय. तिथून दोन वर्षं करून आलेलं पोरगं इथं थेट दुसऱ्या वर्षाला बसू शकतं. ही शिडी सरकारनं मुद्दाम लावलेली आहे आणि ती टिकली पाहिजे.

2.00
दुपारी मशीन शॉप, दुसऱ्या वर्षाची बॅच. लेथवर फेसिंग, टर्निंग. इथं एकच गोष्ट सर पुन्हा पुन्हा बघतात, चकची, म्हणजे काम पकडून ठेवणाऱ्या जबड्याची, किल्ली. चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी सुटते. किल्ली लावणाऱ्याचा हात किल्लीवरून निघायचा नाही, निघाला तर किल्लीसकट. हातमोजे घालायचे नाहीत, ते फिरत्या कामात ओढले जातात.

यातला एक जण चाकणला अ‍ॅप्रेंटिस म्हणून जायचं म्हणतो. 2019 च्या नियमांत पदविकाधारकाचं किमान विद्यावेतन महिना 8000 रुपये ठरलं. "खोलीभाडं, मेस धरून उरतं का काही?" मी विचारतो. "शिकायला मिळतं ना," तो म्हणतो आणि मायक्रोमीटरकडं वळतो.

3.40
सकाळचे जॉब तपासायचे. सर तुकडा डोळ्यांसमोर खिडकीकडं धरतात, गुण्या टेकवतात. फटीतून उजेड आला तर काटकोन नाही. एकेकाला दाखवतात. "बघ, इथून येतोय. या कोपऱ्यात चार फटके, स्मूथनं." मार्क नंतर. विसांतले सहा जॉब पहिल्या तपासणीत पास. बाकीचे परत व्हाइसला.

खिडकीबाहेर तीन जण मोबाइलवर महाडीबीटी उघडून बसलेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचाय. एकाचा दाखला गेल्या वर्षीचा निघाला. त्याला तहसील कचेरीत जाऊन यावं लागणार, म्हणजे एक दिवस आणि एसटीचं येण्याजाण्याचं भाडं.

5.00
झाडलोट. कीस ब्रशनं पत्र्यावर, पत्र्यावरून डब्यात. डबा भंगारात जातो, त्याचीही नोंद. कानशींचे दात तारेच्या ब्रशनं साफ. हत्यारं मोजली जातात. एक गुण्या कमी. पाच मिनिटं कुणी हलत नाही. तो अ‍ॅप्रनच्या खिशात सापडतो, वरच्या वर्गातून आलेल्या त्याच अ‍ॅप्रनच्या. पोरगा लाजतो, रजिस्टरवर सही करतो.

5.25
वसतिगृहातून खाट आलीय, पाय निखळलेला. बाहेर दिली असती तर दीडशे-दोनशे रुपये गेले असते. सर वेल्डिंगच्या मुलांपैकी दोघांना थांबवतात. काच डोळ्यांवर, रॉड धारकात. पहिला टाका फुगतो. छिन्नीनं उडवून दुसरा घालतात. सर खाटेवर स्वतः बसून बघतात. धरते.

बुटकी मुलगी अजून गेलेली नाही. तिचा जॉब अर्धा मिलिमीटर जास्त आहे.
"सर, उद्या लवकर येऊ?"
"साडेआठला ये. रफ कानस घेऊ नकोस, स्मूथच वापर. आणि सकाळी खाऊन ये, रिकाम्या पोटी हात थरथरतो."
ती तुकड्याला तेलाचं बोट फिरवते, कागदात गुंडाळते आणि कपाटात आपल्या नंबरच्या खणात ठेवते.