सरपंचाला कडक, मंत्र्याला सैल

सत्ता आणि हितसंबंध : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र कसे वाचायचे ते पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. निवडून आलेल्या माणसाचा स्वतःचा धंदा सरकारी कामांवर चालत असेल, तर कायदा त्याला अडवतो का? उत्तर त्याच्या खुर्चीवर अवलंबून आहे. खुर्ची जितकी खालची, तितका कायदा कडक.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ काढून पाहा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. गटाराची वर्क ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर आणि बिलाचे पैसे सदस्याच्या खिशात, एवढे सिद्ध झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पद जाते. गोव्यात एका महिला पंचायत सदस्याच्या पतीने पंचायतीचे काम घेतले होते. तिथल्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते. पतीच्या नफ्यात तिचाही वाटा आहे, म्हणून ती अपात्र आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला.

हाच मापदंड आमदार-खासदारांना लावायला गेलात तर निराशा होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सुरुवातीला भाषा व्यापक होती. दुसऱ्याच्या नावाने, पण आपल्या फायद्यासाठी घेतलेले कंत्राटही तिच्यात येत होते. १९५८ च्या दुरुस्तीने ती आटली. आजचे कलम ९अ म्हणते, आमदाराने स्वतःच्या व्यवसायाच्या ओघात आपल्या सरकारशी केलेले, माल पुरवण्याचे किंवा काम करण्याचे कंत्राट चालू असेल तरच अपात्रता. भावाच्या फर्मने घेतले? चालते. काम पुरे झाले, फक्त बिल थकले आहे? तेही चालते, कंत्राट संपले असेच कायदा मानतो.

झारखंडमध्ये याची परीक्षा झाली. मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्याकडेच खाण खाते होते, आणि २०२१ मध्ये रांची जिल्ह्यात ०.८८ एकरांवरील दगडखाणीचा पट्टा त्यांच्याच नावे मंजूर झाला. ओरड झाल्यावर त्यांनी तो परत केला. खाणपट्टा म्हणजे माल पुरवण्याचे कंत्राट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले असल्याने कलम ९अ लागू होते की नाही यावरच वाद झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने आपले मत राज्यपाल रमेश बैस यांना कळवले. राज्यपालांनी ते जाहीर केले नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची बदली झाली, ती महाराष्ट्राच्या राजभवनात. मुख्यमंत्र्याच्या पात्रतेवरील घटनात्मक संस्थेचे मत जनतेपासून दडवून ठेवले जाणे मला त्या पट्ट्याइतकेच गंभीर वाटते.

मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे. मंत्र्याने पद घेण्यापूर्वी धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यावे, कारभार सज्ञान नातेवाइकाकडे द्यावा, मात्र पत्नीकडे किंवा पतीकडे देऊ नये, असे ती सांगते. म्हणजे मुलाकडे दिला तर संहिता पाळली गेली! ती पाळली जाते की नाही हे राज्याच्या मंत्र्यांबाबत मुख्यमंत्र्यांनी पाहायचे. मोडली तर शिक्षा काय, याला कायद्यात उत्तर नाही.

वृत्तपत्रांची गरज इथे लागते. ३१ ऑगस्ट १९८१ च्या ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरींनी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाविषयी लिहिले. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते, वाटप सरकारच्या हाती होते. प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी आणि सिमेंट वाटपाच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या आणि चित्र उभे राहिले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि वाटप यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटल्यात ते पुढे दोषी ठरले नाहीत, हेही नोंदवायला हवे. म्हणूनच बातमीदाराने आरोपावर भिस्त न ठेवता कागदावर ठेवावी.

आज ते कागद मिळवणे सोपे झाले आहे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या सरकारी कंत्राटांचा रकाना असतो. ते ज्यात भागीदार आहेत त्या फर्मची आणि हिस्सा असलेल्या खासगी कंपन्यांची कंत्राटेही तिथे लिहावी लागतात. कायदा ज्याला मनाई करत नाही, ते निदान कबूल तरी करायला लावतो. कंपन्यांचे संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत पाहता येते. निविदा कोणाला मिळाली, हे माहिती अधिकारात मागता येते. मात्र काही वृत्तपत्रांचे मालकच आमदार, खासदार, मंत्री राहिले आहेत. अशा ठिकाणी जिल्हा बातमीदार हा रकाना उघडतो, पण बातमी छापली जाईलच असे नाही.

तेव्हा तुमच्या आमदाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, कंत्राटांचा रकाना वाचा आणि तुमच्या तालुक्यातल्या रस्त्याच्या फलकावरील ठेकेदाराच्या नावाशी ताडून पाहा. नाव जुळले तर स्थानिक वृत्तपत्राला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.