घर तापवणारी यंत्रं (भाग ५) : वाफेला वाट द्या

न्यूयॉर्क, जर्सी सिटी किंवा बॉस्टनमधल्या शंभर वर्षं जुन्या घरात भाड्यानं राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिल्या हिवाळ्यातली तक्रार बहुतेक ठरलेली असते. पहाटे हीटिंग सुरू झालं, की पाइपमध्ये कुणीतरी हातोडा मारत बसल्यासारखे ठोके ऐकू येतात. एक खोली भट्टीसारखी तापते, तर शेजारच्या खोलीतला रेडिएटर गारठलेला असतो. मग कुणीतरी तळघरात जाऊन बॉयलरचा दाब वाढवतं. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

मागच्या भागात आपण गरम पाणी फिरवणारी व्यवस्था पाहिली. तिथे पाणी खेळवायला पंप लागतो. वाफेला पंप लागत नाही. पाण्याची वाफ झाली, की ते सुमारे सतराशे पट जागा व्यापतं. हीच वाफ रेडिएटरच्या थंड लोखंडाला भिडली, की उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. तिनं व्यापलेली जागा मोकळी पडते आणि मागची वाफ आपसूक पुढे सरकते. त्यासाठी दोनच अटी आहेत : आधीची हवा बाहेर गेली पाहिजे आणि झालेलं पाणी बॉयलरकडे परतलं पाहिजे. जुन्या घरांत बरेचदा रेडिएटरला एकच पाइप असतो. वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी, दोघांची वाट एकच. बहुतेक तक्रारी या वाटेवरच्या अडथळ्यातून येतात.

आधी ठोके. पाइपला कुठे झोळ पडला असेल, तर तिथे पाणी साचतं. वेगानं येणारी वाफ त्या पाण्याचा लोळ उचलते आणि पुढच्या एल्बोवर आदळते. रेडिएटरचंही तसंच. जुनी लाकडी जमीन खचली, की तो उलट्या बाजूला कलतो आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही. रेडिएटरवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. बुडबुडा व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला सरकला पाहिजे, म्हणजे उतार व्हॉल्व्हकडे आहे. तसा तो नसेल, तर लांबच्या टोकाच्या पायांखाली पातळ पाचर सारा. काम रेडिएटर थंड असताना करा आणि तो बेतानं उचला. ओतीव लोखंड भलतंच जड असतं आणि जोराच्या हिसक्यानं जुना सांधा सुटू शकतो.

दुसरं कारण आपल्याच हातचं. खोली फार तापते म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद केला जातो. मग त्या अरुंद फटीत वाफ आत शिरू पाहते, पाणी बाहेर पडू पाहतं आणि दोघांची झुंज लागते. एकपाइपी रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तरी ठेवावा, नाहीतर पूर्ण बंद. उष्णता कमी-जास्त करायची असेल, तर एअर व्हेंटच्या जागी बसणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळतो. तो वाफ अडवत नाही, हवा अडवतो. हवा अडली की वाफ आपोआप थबकते.

आता गार रेडिएटर. व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाला साधारण मधोमध एक छोटी डबी असते, तो एअर व्हेंट. हवा असेपर्यंत तो उघडा असतो, वाफेचा चटका बसला की मिटतो. त्याचं छिद्र गंजानं किंवा रंगाऱ्याच्या ब्रशनं बुजलं, तर हवा आतच कोंडते आणि वाफेला जागाच मिळत नाही. हीटिंग बंद असताना, रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावर व्हेंट काढून फुंकर मारून पाहा. हवा आरपार गेली नाही, तर व्हिनेगरमध्ये उकळून बघा, नाहीतर सरळ नवा बसवा. लांबच्या सगळ्याच खोल्या उशिरा तापत असतील, तर तळघरातल्या मुख्य पाइपाच्या टोकाचा मोठा व्हेंट तपासायला हवा.

मग दाबाचं काय? अशा घराला दर चौरस इंचाला दोन पाउंडांहून कमी दाब पुरतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये याच्या सात-आठ पट असतो. एक पाउंड दाब पाण्याला सुमारे 28 इंच वर ढकलतो. बॉयलरचा दाब पाच पाउंडांवर नेला, तर तो अकरा फुटांहून उंच पाण्याचा स्तंभ पेलेल. साहजिकच परतीच्या पाइपातलं पाणी बॉयलरमध्ये शिरण्याऐवजी वर चढतं आणि वाफेच्या पाइपात घुसतं. म्हणजे घर तापवायला म्हणून वाढवलेला दाबच नवे ठोके आणतो. दाब आपणहून चढत असेल, तर दाबनियंत्रकाखालची वळणदार नळी गाळानं तुंबली असण्याची शक्यता मोठी. ती तंत्रज्ञाकडून साफ करून घ्या.

शेवटी बॉयलरवरची काचनळी. पाणी सर्वसाधारणपणे अर्ध्यापाशी किंवा थोडं वर असावं. ते सारखं भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. शिवाय प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि बॉयलर आतून गंजतो. काचेत पाणी दिसतच नसेल, तर बर्नर बंद करा, तंत्रज्ञाला बोलवा आणि तापलेल्या रिकाम्या बॉयलरमध्ये थंड पाणी मुळीच सोडू नका. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर काहीही तपासत न बसता आधी सगळ्यांना घराबाहेर काढा आणि मग फोन करा.

भाडेकरूंनी पाचर आणि व्हॉल्व्ह एवढंच पाहावं, पाइप आणि बॉयलर हे घरमालकाचं काम. न्यूयॉर्क शहरात तर 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात घर ठरावीक तापमानापर्यंत उबदार ठेवणं त्याच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे.

पुढच्या भागात : थर्मोस्टॅट कुठल्या भिंतीवर लावावा आणि कुठे अजिबात लावू नये.