वाडा पडतो, दावा उभाच

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक वाड्यांना नाशिक महापालिकेच्या नोटिसा निघतात. जुन्या नाशकात आणि पंचवटीत ही नोटीस मालक आशेने वाचतो, भाडेकरू संशयाने.

या भांडणाचं मूळ 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलं. टंचाईच्या काळात ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला. एवढ्याशा भाड्यात धाब्याची गळतीही काढून होईना. मालक डागडुजीला हात लावेना, भाडेकरू खोली सोडेना. मालकाने भाडं घ्यायचं बंद केलं की भाडेकरू मनिऑर्डर करायचा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन ती परत आली की कागद फायलीत जपून ठेवायचा. उद्या थकबाकीचा दावा पडलाच, तर वकील आधी तोच मागणार!

1997 साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ आली, पगडीलाही, म्हणजे खोली देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशालाही, मान्यता मिळाली. पण मूळ आकडाच चिमूटभर, त्यावर चार टक्के म्हणजे किती? मालकांचं हे रडगाणं मला खोटं वाटत नाही.

म्हणून नोटिशीवर डोळा. वाडा पडला की भाडेकरूही गेला, असा हिशेब. तो 2014 मध्ये सांगलीच्या एका खटल्यात चुकला. इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात खालची जमीनही येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

गंगापूर रोड, इंदिरानगरकडे फ्लॅट घेतलेल्यांना वाटलं, आपण यातून सुटलो. पण जमिनीचा प्रश्न तिथेही होताच. सोसायटी नोंदली की चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यावी, हा फ्लॅटविक्रीवरच्या 1963 च्या मोफा कायद्याचा नियम. तो पाळायची बिल्डरांना घाई नव्हती. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरविनाच जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, वाट काढली. आता बिल्डर सही देत नसला, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. पुष्कळांना ही वाट आठवते ती थेट पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर, जमिनीच्या उताऱ्यावर भलतंच नाव दिसलं की.