निवृत्तांच्या हाती स्मार्टफोन हवाच का?

नोव्हेंबर उजाडला की आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर अप्पा अस्वस्थ होतात. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, तर पेन्शन थांबते. "स्मार्टफोन घ्या, चेहरा दाखवला की काम झालं," असा मुलाचा बेंगळुरूहून आग्रह. अप्पांचे उत्तर ठरलेले, "मला हा बटणांचा फोन साकू!"

कोणाचे खरे? हा दाखला २०१४ पासून डिजिटल पद्धतीने देता येतो. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ मध्ये आली. पण बँकेत जाऊन दाखला देण्याची वाट बंद झालेली नाही. थोडे शुल्क घेऊन पोस्टमनही घरी येतो. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोयही आहे. म्हणजे स्मार्टफोनवाचून पेन्शन अडत नाही.

तरी तो निरुपयोगी नव्हे. त्यात दूरची नातवंडे दिसतात, कन्नड पत्राचा अर्थ मराठीत कळतो. मात्र ओटीपी मागणारा मराठीत बोलो वा कन्नडमध्ये, त्याला तो सांगू नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवावे. तो क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो.

फोन घ्यायचा की नाही, हे अप्पांनीच ठरवावे. मुलाने फोन दिलाच, तर सोबत शिकवायला चार दिवसही द्यावेत.