गट उभा करताना : मेंढा-लेखाचे धडे

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. गावातले नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं या गावानं जे उभं केलं, त्यातून नव्या गटांनी घ्यावं असं बरंच आहे.

• आधी अभ्यास : अभ्यास गटात विषय नीट समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांना खुशाल प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र ग्रामसभेचाच.

• सर्वसहमती : इथं बहुमतानं ठराव होत नाही. कुणाचा विरोध असेल तर चर्चा पुढच्या सभेत. वेळ लागतो, पण गावात फूट पडत नाही.

• बायकांचा सहभाग : ग्रामसभेत स्त्री-पुरुष दोघंही बसतात, दोघंही बोलतात.

• कायद्याचा आधार : वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

• पाठपुरावा : हक्काचा कागद हाती आला तरी जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळायला २०११ साल उजाडलं. म्हणून मागणी मान्य झाली तरी गट मोडू नका. अंमलबजावणीची खरी लढाई त्यानंतरच असते.