मासा मेला, दुकानदाराला किती धरायचं?

मे महिना लागला की आमच्या ग्रुपवर तक्रारींचा हंगाम सुरू होतो. जळगाव जिल्ह्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळतो. मुंबईहून निघालेलं माशांचं पार्सल रातभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत उकडतं, सकाळी जळगावला उतरतं, तिथून कुणीतरी मोटारसायकलवर ते जामनेरला आणतं आणि पिशवीची गाठ सोडायच्या आधीच फोटो ग्रुपवर पडतो. पोट वर करून पडलेले मासे, खाली मजकूर: ‘याच्याकडून कोणीच घेऊ नका, एक नंबरचा चोर आहे.’ चहा संपायच्या आत त्याखाली अंगठे, रागाची तोंडं आणि ‘मलेबी असंच फसवलं व्हतं भो’ यांची रांग लागते.

ग्रुप जामनेर, पहूर, शेंदुर्णी, भुसावळ इकडच्या मासे पाळणाऱ्यांचा. कुणी शिक्षक, कुणी मेडिकलवाला, कुणी केळीचा बागायतदार आणि दोन-तीन जण स्वतःच दुकानदार. मी शाळेतला निवृत्त प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या हाताळण्यात जन्म गेला म्हणून अ‍ॅडमिनपद माझ्याकडे आलं, असं मंडळी म्हणतात. खरं म्हणजे भांडण सोडवायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

अशा बहुतेक ग्रुपांत एक सोपा नियम असतो: दुकानाचं नाव घ्यायचं नाही. वाद नको, कटकट नको. मला हा नियम पटत नाही. तालुक्याच्या गावात माशांची दुकानं असतात किती? ‘बसस्टँडकडचा तो एक’ म्हटलं की नाव न घेताही नाव घेतलं जातं, वर त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या निर्दोष माणसाकडेही बोट जातं. आणि मुंबई-चेन्नईहून माल मागवणाऱ्याला तर दुसऱ्याच्या अनुभवाशिवाय आधारच नाही. त्याने दुकान पाहिलेलं नाही, टाक्या पाहिलेल्या नाहीत, मालकाचा चेहरा पाहिलेला नाही. तोंड बंद ठेवण्याचा फायदा फक्त वाईट माल विकणाऱ्याला होतो. नाव घ्यावं. प्रश्न आहे तो कधी घ्यायचं आणि नावापुढे काय लिहायचं, याचा.

मिक्सर बिघडला तर तो टेबलावर ठेवून दाखवता येतो. मासा मेला की दुसऱ्या दिवशी पुरावाच कुजतो. शिवाय तो कुणाच्या हातून मेला हे फोटोवरून कळत नाही. दुकानात आजारी होता? वाटेत गुदमरला? की घरच्या टाकीत गेला? संशयित तीन, आणि तक्रार करणारा त्यांतलाच एक असतो. हे त्याला सांगणं अवघड जातं. पैसे गेलेले असतात, पोरगं रडत असतं, आणि समोर मी विचारतो, ‘दादा, पाणी तपासलं का?’

वाटेतलं आधी घेऊ. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात उन्हाने माशाची स्वतःची गरज वाढते. म्हणून चांगला विक्रेता पिशवीत वर प्राणवायू भरतो, थर्माकोलच्या खोक्यात पॅक करतो आणि पाठवायच्या आधी एक-दोन दिवस माशांना खायला घालत नाही. उपाशी मासा कमी घाण करतो. हे सगळं करूनही पिशवीत कल्ल्यांमधून अमोनिया सुटत राहतो. कर्बवायू साठल्यामुळे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, तेव्हा तो अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. गाठ सोडली की कर्बवायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आमच्याकडे उघडी पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवायची पद्धत आहे. लांबून आलेल्या माशाला ‘सवय व्हावी’ म्हणून प्रेमाने केलेली ही गोष्ट त्याचा जीव घेऊ शकते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवली, पाण्याचं तापमान जुळलं, की मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं. हे माहीत नसलेल्या माणसाचे मासे संध्याकाळी मेले तर शिवी मुंबईच्या दुकानदाराला बसते.

दुसरा प्रकार नव्या टाकीचा. जामनेरच्याच एका ताईंनी मुलाच्या वाढदिवसाला जळगावहून टाकी, फिल्टर आणि गोल्डफिश एकाच दिवशी आणले. आठवडाभरात सगळे गेले. ग्रुपवर दुकानाचं नाव टाका म्हणून गलका झाला. मी त्यांच्या घरी जाऊन टाकीतलं पाणी नळीत घेतलं, अमोनियाच्या किटमधले थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं. नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. ते वाढून स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात; आमच्या भाषेत टाकी ‘सायकल’ व्हावी लागते. तोवर भरपूर घाण करणारा गोल्डफिश तिच्यात सोडला तर तो स्वतःच्याच विषात पोहतो. म्हणजे मासे रोगट नव्हते, दुकानदार सुटला? मला तसं वाटलं नाही. त्याला फोन केला. माणूस सरळ निघाला. म्हणाला, ‘सर, महिनाभर रिकामी टाकी चालवा म्हटलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊन त्याच दिवशी मासे घेतं.’

हे उत्तर खरं आहे, आणि तरी दोष त्याचाच आहे. फक्त तो ‘रोगट मासे विकतो’ हा नाही, ‘ठाऊक असून सांगत नाही’ हा आहे. दोन्ही आरोपांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिला त्याचं दुकान बंद पाडू शकतो, दुसरा त्याला सुधारू शकतो. ग्रुपवर शेवटी गेलं ते एवढंच: टाकी आणि मासे एकाच दिवशी विकले, थांबायला सांगितलं नाही, मासे आठवड्यात मेले, पाण्यात अमोनिया जास्त निघाला. त्याखाली त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, आणि पुढचे मासे त्याने अर्ध्या किमतीत द्यायचं कबूल केलं, हेही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याहून नाठाळ. परजीवी अंगावर असूनही मासा दुकानात ठणठणीत दिसतो, घरी आल्यावर काही दिवसांनी अंगावर रवा शिंपडल्यासारखे ठिपके उठतात. दुकानदार शपथेवर सांगतो, ‘माझ्या टाकीत बघा, एकालाही नाही.’ तोही खोटं बोलत नसेल. अशा वेळी त्याच लॉटमधले मासे आणखी कुणी नेलेत का, हे शोधतो. दोघा-तिघांकडे एकाच सुमाराला ठिपके आले तर बोट दुकानाकडे वळतं. एकाकडेच आले तर मी गप्प बसतो आणि निळं औषध सुचवतो.

म्हणून आमच्यात तक्रार आली की ती आधी थांबते. किती दिवस? दुकानदाराला फोन लागून त्याने उत्तर द्यायला पुरेसा वेळ, साधारण दोन दिवस. उत्तर दिलं नाही तर ‘विचारलं, उत्तर दिलं नाही’ असं लिहून नाव जातं. तारीख, रक्कम, पैसे दिल्याचा फोनवरचा स्क्रीनशॉट, बंद पिशवीतल्या माशांचा फोटो हे लागतं. ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द गाळले जातात. घडलं ते राहतं. ‘मलाही असंच’वाल्यांना सांगतो, तुमची तक्रार वेगळी लिहा, तारखेसकट. त्यांतले निम्मे मग लिहीतच नाहीत. आणि ग्रुपातला दुकानदार दुसऱ्या दुकानाच्या तक्रारीवर एक अक्षर बोलत नाही, अंगठासुद्धा नाही. हा नियम त्यांना सगळ्यात जड गेला.

लोकांना वाटतं अ‍ॅडमिन फार घाबरतो. घाबरण्यासारखं घडलेलं आहे, आणि ते नेमकं मासेवाल्यांच्याच जगात. 2001 साली अमेरिकेत न्यूयॉर्ककडच्या ‘पेट्स वेअरहाउस’ या दुकानाच्या मालकाने पाणवनस्पती पाळणाऱ्या हौशी लोकांवर दावा ठोकला. त्यांच्या ईमेल-यादीवर एकाने मागवलेल्या वनस्पतींबद्दल तक्रार लिहिली होती, बाकीच्यांनी आपापली भर घातली होती. मागणी होती दीड कोटी डॉलरची. काही जणांनी वकिलाचा खर्च झेपेना म्हणून तडजोड करून सुटका करून घेतली. खरं कोण होतं याचा निवाडा व्हायच्या आधीच पैसे संपतात, हे तिथल्या हौशी मंडळींना तेव्हा कळलं.

आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हासुद्धा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. मात्र खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी ठरत नाही, सद्भावनेने दिलेल्या मताला आणि सावधगिरीच्या सूचनेलाही जागा आहे. ‘या तारखेला मागवलेल्या बारा माशांपैकी नऊ मेलेले आले, फोटो सोबत’ हे सिद्ध करता येतं. ‘चोर’ कसं सिद्ध करणार? राहिला अ‍ॅडमिन. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसायला हवा. हे वाचून मला बरं वाटलं, पण मजकूर आधी वाचायची सवय मी सोडलेली नाही. कोर्टापेक्षा लवकर शिक्षा गाव देतं. जामनेरात एखाद्याचं दुकान पडलं की त्याच्या पोराची फी थकते, हे आम्हाला दिसतं.

दुसऱ्या बाजूला, ग्राहकाच्या हातात ग्रुपपेक्षा मोठी हत्यारं आहेत आणि ती कुणी उचलत नाही. खरं तर ग्राहकांनी एकत्र येण्याची खोड महाराष्ट्राला जुनी. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा जन्मायचा होता. तो 1986 चा. आताचा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यातली एक सोय आमच्यासारख्यांच्या फार कामाची. विक्रेता मुंबईचा असो की चेन्नईचा, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या आयोगात करता येते. माल 5 लाखांच्या आतला असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आमचे दुकानदार चिठ्ठीवर बेरीज करून देतात, तीही मागितली तर. कोर्टकचेरी नको असेल त्याने 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावावा. पुष्कळदा तेवढ्यावर विक्रेता बोलायला येतो.

शेंदुर्णीच्या एका पोराच्या पार्सलची भरपाई अडली ती विक्रेत्याच्या एका अटीवर. अट अशी, की मेलेला मासा बंद पिशवीत, पार्सल पोहोचल्यापासून दोन तासांत व्हिडिओत दाखवायचा. या धंद्यात ही अट सर्रास असते आणि गैर नाही, नाहीतर कुणीही आठवड्याने मेलेला मासा दाखवील. गाडी जळगावला सकाळी आली, पोरगं कॉलेज करून दुपारी गेलं. खोकं तोवर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेर उन्हात. पण खोकं उघडलं तर आत थर्माकोल नव्हता, साधा पुठ्ठा, पिशव्या एकपदरी. मे महिन्यात खान्देशात पुठ्ठ्यातून मासे पाठवणारा दोन तासांची अट कुठल्या तोंडाने दाखवतो? बऱ्याच फोनाफोनीनंतर त्याने निम्मे पैसे परत केले. आम्ही तिन्ही गोष्टी लिहिल्या: पुठ्ठा, उशीर, परतफेड. पोरगं माझ्यावर चिडलं, ‘सर, तुम्ही उशिराचं कशाला लिहिलं?’ मी म्हटलं, पुढचा माणूस वेळेवर जाईल म्हणून.

पैसे परत मिळाले की लोक तक्रार पुसायला सांगतात. आम्ही पुसत नाही, तिच्याखाली निकाल जोडतो. आणि दुकानदाराकडून काही फुकट घेतलं असेल तर तेही जाहीर करायचं. दिवाळीला एकाने मला फिल्टर पाठवला. परत करावा तर त्याला वाईट वाटणार, ठेवावा तर ग्रुपला. शाळेच्या टाकीला लावला आणि तसं लिहून टाकलं.

सध्या वाद चालू आहे तो मेलेल्या माशांचा नाही, जिवंत माशांचा आहे. काचेसारखा आरपार दिसणारा एक लहान मासा आपल्याच देशातल्या नद्यांत मिळतो. त्याला सुईने गुलाबी, हिरवा रंग टोचतात आणि ‘कलर फिश’ म्हणून विकतात. काही महिन्यांत रंग विरतो. तोवर टोचण्याने काही मेलेले असतात, काहींना जखमेतून रोग लागलेला असतो. एका सदस्याची तक्रार आली, रंग उडाला, फसवलं. दुकानदार म्हणतो, ‘मी टोचत नाही, वरून असाच येतो, आणि गिऱ्हाईकच गुलाबी मागतं.’ आम्ही त्याला एवढंच म्हटलं, टाकीवर लिही. त्याने पाटी लावली, ‘कलर केलेला’, अक्षरं चष्मा लावून वाचावी लागतील अशी. निम्मा ग्रुप म्हणतो झालं, आता नाव काढा. निम्मा म्हणतो असला मासा विकतो तोवर नाव राहू द्या, मग भले त्याने पाटी लावो. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, पण मत हे माझं. तक्रार होती न सांगण्याची आणि ती मिटली. पाटीचा फोटो तारखेसह तक्रारीखाली जोडला, तक्रार तशीच ठेवली. टोचलेल्या माशांवर वेगळं टिपण लिहिलं, त्यात कुणाचंच नाव नाही, कारण ते विकणारा तो एकटा नाही. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. निळं औषध मात्र मी त्याच्याकडूनच आणतो, आणि बिल मागून घेतो.