सरकारचं डोकं नेमकं होतं कुठे?

जुन्या मथळ्यांचा राजा कोण, असं विचाराल तर माझं मत एकालाच: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ केसरी, जुलै १८९७. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारने साऱ्या पुण्यालाच धारेवर धरलं आणि टिळकांनी हा सवाल टाकला.

आता समजा, सचिवालयातल्या एखाद्या इमानी कारकुनाने तो शब्दशः घेतला. झाली फाइल सुरू! मुंबई सरकारचं डोकं शोधावं तर गव्हर्नरसाहेब पावसाळ्यापुरते पुण्यात, गणेशखिंडीच्या बंगल्यात. हिंदुस्थान सरकारचं कलकत्त्यात असेल? छे, उन्हाळा लागला की ते सिमल्याला. त्याहून वरचं तर कायमचंच लंडनला. कारकुनाने शेरा मारला असता: ‘डोके आहे, परंतु हवापालटास गेले आहे. सबब ठिकाणावर नाही.’ आणि मग बहुधा कारकुनाचीच बदली!

बाकी, टिळकांना याच मथळ्यापायी शिक्षा झाली, असं सर्रास सांगतात. पण खटला चालला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्याही आठवडाभर आधीच्या. शिक्षा दीड वर्षाची, तीही सक्तमजुरीची.